गणपतीपुळे की मालवण?

हंगाम संपला. शेवटची खेप गव्हाणीत पडली, टोळ्या आपापल्या गावी परतल्या, खोडव्याला पाणी देऊन झालं. आता पाऊस सुरू होईपर्यंत थोडी उसंत आहे. आपल्या सभासद बंधु-भगिनींना दर्या बघायचा असेल तर हाच काळ. दिवाळीनंतर टोळी दारात आली की घर सोडवत नाही.

गेल्या वर्षी याच दिवसांत आमच्या घरी वाद पेटला. आईचं वय चौऱ्याहत्तर. पंढरपूर झालं, तुळजापूर झालं, जोतिबाला तर दर साल जाणं. पण समुद्र काही तिनं पाहिला नव्हता. तिचं म्हणणं, पुळ्याचा गणपती दाखव. दोन्ही पोरांचा हेका मालवणचा. बिलातून सोसायटीचं कर्ज वळतं होऊन हाती जे राहिलं त्यात एकच ट्रिप बसत होती. मी दोन्ही गावं आधी पाहिलेली, म्हणून निवाडा माझ्याकडे आला.

कोल्हापुरातून अंतर म्हणाल तर दोन्हीकडे साधारण सारखंच, दीडशे किलोमीटरच्या आसपास. पुळ्याला मलकापूरवरून आंबा घाट उतरायचा, मालवणला राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाट. पण खाली उतरल्यावर दोन गावांचा स्वभाव अगदी निराळा.

मालवण हे नांदतं शहर. बाजारपेठ, बंदर, मासळीचा लिलाव, आणि समोर पाण्यात उभा सिंधुदुर्ग. महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर या किल्ल्याचं काम सुरू केलं. तटाची लांबी तीन किलोमीटरच्या घरात आहे. आत राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे. चहूबाजूंनी खारं पाणी, आणि आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी: दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. (साखरेचं नाव निघालं की आपला ऊसकरी तिथं जरा जास्तच रेंगाळतो!) गावापासून सहा-सात किलोमीटरवर तारकर्ली. तिथं पाण्याखाली बुडी मारून मासे बघण्याचा खेळ चालतो, पोरांचा सगळा जीव त्यातच. खाण्याचं तर विचारू नका. सुरमई, बांगडा, तिसऱ्या, कोंबडी-वडे, वर सोलकढी.

पण किल्ल्यावर जायचं म्हणजे होडीत चढा, उतरा, आणि आत मे महिन्याच्या उन्हात चाला. आईचे गुडघे पायरी बघितली तरी कुरकुरतात. आणि एक गोष्ट पोरांना मुद्दाम सांगितली. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला होता. लाईफ जॅकेट नसेल त्या होडीत पाय ठेवायचा नाही, मग नावाडी ओळखीचा असो की नसो.

पुळ्याचं तसं नाही. गाव लहान. देऊळ अगदी वाळूच्या काठावर, पश्चिमेकडं तोंड करून. मागची टेकडीच देव मानतात, म्हणून प्रदक्षिणा देवळाला नाही तर टेकडीला घालायची, साधारण एक किलोमीटरची. जवळच मालगुंड, कवी केशवसुतांचं जन्मगाव, तिथं त्यांचं स्मारक आहे. मांसाहार करणाऱ्याला मात्र देवळाच्या आसपास जीव मारावा लागतो.

आई एवढंच म्हणाली, "आरं, मला त्या होडीत बसवू नगंस. काठावरनं दिसतोय न्हवं समुद्र? मग झालं तर." धाकटा फुरंगटला. मी पुळं ठरवलं. आईला पुढच्या साली नेता येईल की नाही, हे काय सांगावं.

प्रदक्षिणा तिनं तीनदा बसत-उठत पुरी केली. संध्याकाळी वाळूवर नेलं. पाण्याची लाट घोट्यापर्यंत आली तशी ती माझा दंड धरून कितीतरी वेळ गप्पच उभी राहिली. मग ओंजळीत पाणी घेऊन चाखलं, थुंकलं, आणि म्हणाली, "येवढं पाणी, आनि एका सरीला पाजायच्या कामाचं न्हाई!"

सगळे हसत होतो, तेवढ्यात थोरला पुढं गेला. आमच्या विहिरीत थारोळ्यावरून सूर मारणारा हा गडी, कंबरभर पाण्यात होता. एक लाट आली, तिनं पाडलं. ती परतताना पायाखालची वाळू ओढली गेली आणि तो आत सरकला. काठावरच्या जीवरक्षकानं शिट्टी मारून दोर टाकला म्हणून हाताला लागला. फार तर मिनिटभराची गोष्ट, पण माझं अंग अजून गार पडतं. पुळ्याला किनारा एकदम उतरता आहे, बुडून माणसं गेल्याच्या बातम्या वरचेवर येतात. विहिरीचं पाणी जागेवर असतं, समुद्राचं माणसाला ओढून नेतं. ओहोटी लागल्यावर तर आत जाऊच नये. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज पाऊण तासाहून थोडी अधिक उशिरा, अमावस्या-पौर्णिमेला उधाण. कालची वेळ आज धरून चालत नाही, स्थानिक कोळ्याला विचारूनच उतरावं. लहान पोरं असतील तर मालवणचा चिवला किनारा त्या मानानं शांत.

यंदा पोरांचं मालवण ठरलं आहे. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात, म्हणून मेच्या दुसऱ्या आठवड्यातच निघायचं आहे. आईला विचारलं, येतीस का? तर म्हणाली, "म्या बघितला की समुद्र. तुमी जावा, म्हशी मी बघती. थोरल्याला तेवढं दोरीनं बांधून न्या."