सेल्फ कधी लागतो, कधी लागत नाही!



खताच्या मात्रा आणि फवारणीच्या वेळा सांगणारा माणूस आज मोटारसायकलीवर लिहायला बसला, म्हणून नवल वाटून घेऊ नका. आज आखाड्यावर एखादे वेळी बैलजोडी नसेल, पण जुनीपानी का होईना, एक गाडी असतेच. दुधाची कॅन तिच्यावर, बियाण्याची पिशवी तिच्यावर, मुलीची शाळा तिच्यावर आणि रात्री-अपरात्री दवाखानाही तिच्यावरच. तेव्हा तिचे दुखणे हे घरातलेच दुखणे समजावे.

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट सांगतो. भोकरजवळच्या एका गावातील शेतकरी कुटुंबासह आखाड्यावर राहतात. रात्री बाराच्या सुमारास त्यांच्या आईला धाप लागली. त्यांनी १०८ ला फोन केला. गाडी निघाली, पण ती डांबरी रस्त्यापर्यंतच येणार. आखाड्यापासून रस्ता दीड किलोमीटर, मधे मुरमाची वाट. आईला मोटारसायकलीवर मधे बसवले, मागून सुनेने धरले आणि यांनी बटन दाबले. काही नाही! पुन्हा दाबले. आवाजसुद्धा नाही. किक मारावी तर किकचे दाते वर्षभरापासून घसरत होते; बटन आहे म्हणून ती कोणी दुरुस्त केली नव्हती. शेवटी दोघींना उतरवून, उतारावर गाडी ढकलून चालू केली. दहा मिनिटे गेली. आई बऱ्या होऊन घरी आल्या, ही देवाची कृपा. पण ती दहा मिनिटे त्या घरातले कोणी विसरलेले नाही.

पुढच्या आठवड्यात मी सोयाबीनची पाहणी करायला गेलो, तेव्हा ते म्हणाले, "साहेब, नवी बॅटरी टाकली, रिले बदलला, तरी कव्हा लागती अन् कव्हा लागंना. मिस्त्रीकडं नेली की मात्र एका बटनात चालू होती!"

पुष्कळांचे असेच होते. जो बिघाड कायम असतो, तो मिस्त्री पाच मिनिटांत काढतो. जो येतो-जातो, तो मिस्त्रीसमोर लपून बसतो. मग अंदाजाने एकेक वस्तू बदलली जाते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! त्या शेतकऱ्याचे दोन हजारांवर रुपये गेले होते आणि बिघाड जागच्या जागी होता.

मी त्यांना विचारले, "कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली की नाही, हे कसे ठरवता?" ते म्हणाले, "कामगंध सापळे लावतो. रोज पतंग मोजतो." बरोबर. सलग तीन दिवस सापळ्यात रोज आठ-दहा पतंग आले, तरच आपण फवारणीचा विचार करतो. न मोजता फवारले तर पैसाही जातो आणि अळीही राहते. गाडीलाही हाच न्याय लावा. मी त्यांना एक वही घालायला सांगितली. गाडी ज्या वेळी चालू होणार नाही, त्या वेळी इतकेच लिहायचे: वेळ कोणती, इंजिन गार की गरम, पाऊस होता का, गाडी कोणत्या स्टँडवर होती, हँडल कोणीकडे वळलेले होते आणि बटन दाबल्यावर आवाज कसा आला.

आता हा आवाज ओळखायचा कसा, ते पाहू या. त्यासाठी सेल्फचे काम समजून घेतले पाहिजे. ते तुम्हाला अवघड नाही, कारण विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर तुम्ही रोज हाताळता. तेथे हिरवे बटन दाबले की थोडा करंट कॉइलला जातो, कॉइल पट्टी ओढून घेते, जाड संपर्क जुळतात आणि मग मोटारीचा मोठा करंट त्यांतून जातो. गाडीतही तसेच आहे. एक वाट बारीक वायरीची: चावी, क्लचचा किंवा न्यूट्रलचा स्विच, बटन आणि रिलेची कॉइल. दुसरी वाट जाड वायरीची: बॅटरी, रिलेचे संपर्क, सेल्फची मोटर आणि इंजिनच्या अंगातून परत बॅटरीच्या वजा टोकाला. बिघाड कोणत्या वाटेवर आहे हे कळले, की अर्धे काम झाले.

गाडी न्यूट्रलमध्ये आणि मधल्या स्टँडवर घ्या. चावी फिरवा, हॉर्न वाजवून पाहा, न्यूट्रलचा दिवा पाहा. (पुष्कळ जुन्या गाड्यांचा पुढचा मोठा दिवा इंजिन चालू झाल्यावरच लागतो, म्हणून त्यावर भरवसा ठेवू नका.) मग क्लच दाबून सेल्फचे बटन दाबा आणि कान देऊन ऐका.

पहिला प्रकार. 'टक-टक-टक' असा भराभर आवाज येतो आणि दिवा मंद होतो. याचा अर्थ रिले ओढतो, पण ओढताच दाब पडतो आणि तो सुटतो. बॅटरी उतरलेली आहे किंवा तिची टोके सैल आहेत. गावात व्होल्टेज कमी असले की मोटारीचा स्टार्टर असाच फडफडतो.

दुसरा प्रकार. एकदाच 'टक्' होते, मोटर फिरत नाही, पण दिवा तसाच लख्ख राहतो. बारीक वाट ठीक आहे, पण मोठा करंट पुढे जात नाही. रिलेचे संपर्क जळलेले असतील, इंजिनला येणारी अर्थिंगची वायर सैल असेल किंवा मोटरीतले कार्बन झिजले असतील. मोटरीच्या अंगावर लाकडाने हलकेच ठोकल्यावर ती फिरली, तर कार्बनचा संशय घ्यावा.

तिसरा प्रकार. मोटर 'घुर्रर' अशी मोकळी फिरते, पण इंजिन फिरत नाही. हे काम विजेचे नाही. सेल्फचा एकमार्गी क्लच घसरत आहे. तो मिस्त्रीनेच उघडावा.

चौथा प्रकार. काहीच आवाज नाही, पण हॉर्न आणि दिवा जोरात. बॅटरीला दोष देऊ नका! बिघाड बारीक वाटेवर आहे: बटनाचे संपर्क, क्लचचा स्विच, जोडाचा डबा किंवा आतून तुटलेली वायर. हॉर्न आणि दिवाही बंद असतील, तर आधी फ्यूज आणि बॅटरीची टोके पाहावीत.

गावातल्या वीजकाम करणाऱ्याकडे मीटर असतोच. रात्रभर उभ्या गाडीची चांगली भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ च्या खाली असेल तर ती निम्म्याहून अधिक उतरली आहे. सेल्फ मारताना आकडा १० च्या बराच खाली घसरत असेल, तर ती चार्ज करून पुन्हा तपासावी. गाडी चालू करून थोडी रेस दिली की १३.५ ते १४.५ च्या दरम्यान दिसावे. तितके दिसत नसेल, तर नवी बॅटरीही महिनाभरात झोपेल. अर्थिंग पाहायचे असेल, तर मीटरचे एक टोक बॅटरीच्या वजा टोकाला आणि दुसरे इंजिनच्या स्वच्छ धातूला लावून सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टाहून जास्त दाखवले, तर ती वायर काढून, घासून, पक्की बसवावी.

आता त्या वहीकडे वळू. बारा दिवसांत तीत पाच नोंदी झाल्या. दोन सकाळच्या, तीन रात्रीच्या. इंजिन कधी गार, कधी गरम. पाऊस दोनदाच. पण पाचही वेळा दोन गोष्टी सारख्या होत्या: आवाज मुळीच नाही, आणि हँडल डावीकडे पूर्ण वळलेले. चोरीच्या भीतीने ते हँडल लॉक करत. घाईत कुलूप काढून, हँडल सरळ न करताच बटन दाबत. मिस्त्री मात्र गाडी सरळ धरूनच बटन दाबायचा. म्हणून त्याच्या हाती बिघाड कधी लागला नाही!

आम्ही गाडी न्यूट्रलमध्ये घेतली, बटन दाबून धरले आणि हँडल हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरवले. मधोमध येताच सेल्फ लागला. हँडलच्या मानेजवळ बटनाची बारीक वायर आतून तुटली होती. वरचे आवरण शाबूत होते. हँडल सरळ असले की तारा टेकत, वळले की सुटत. मिस्त्रीने वीतभर नवी वायर घालून झाळकाम केले, वर नळी चढवली आणि वळणाला पुरेशी ढील ठेवली. खर्च चहा-पाण्याइतका. नुसता पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळू नका. पहिल्याच पावसात तो जोड सडतो. त्याच दिवशी किकही दुरुस्त करून घेतली.

हे टाळता येते का? बरेचसे येते. आपल्या गाड्यांवर डीएपी आणि युरियाची पोती जातात. त्यांची भुकटी ओल धरते आणि धातू खाते. म्हणून महिन्यातून एकदा बॅटरीची टोके पाहावीत. पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ब्रशने धुवावी. सोड्याचे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. कोरडे करून, घट्ट आवळून, वर व्हॅसलीनचा हात फिरवावा. झाकणे उघडणारी बॅटरी असेल, तर तीत डिस्टिल्ड वॉटरच घालावे. विहिरीच्या पाण्यातले क्षार तिला मारतात. सोयाबीनच्या थप्पीशेजारी गाडी ठेवत असाल, तर उंदीर वायरी कुरतडतात, हेही पाहावे.

काही गोष्टी मात्र करू नयेत. बटन एका वेळी पाच सेकंदांहून जास्त दाबू नये; मधे पंधरा-वीस सेकंद विसावा द्यावा. बॅटरी काढताना वजा टोक आधी सोडावे, लावताना शेवटी लावावे. जवळ बिडी-काडी नको. रिलेची दोन टोके पेचकसाने जोडून गाडी चालू करण्याची हौस तर मुळीच नको. गाडी गिअरमध्ये असली तर ती अंगावर येते, आणि पेट्रोलजवळ ठिणगी म्हणजे काय, हे सांगायला नको.

माय-भगिनींनाही एक सांगणे आहे. आखाड्यावर गाडी थांबली की तिला धक्का तुम्हीच देता. तेव्हा ही वही चुलीजवळच्या फळीवर ठेवा. घरातले शिकते मूलसुद्धा त्यात नोंद करील. मिस्त्रीकडे जाताना गाडीबरोबर वहीही न्या. चांगला मिस्त्री ती वाचून तुमचे आभारच मानील.

बिघाड लहान असतो, पण तो वेळ पाहून येत नाही. म्हणून आज संध्याकाळी गाडी लावण्याआधी दोन कामे करा. हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून तीनदा सेल्फ मारून पाहा. आणि मग एकदा किकवर गाडी चालू करा. दोन्ही जमले तर निश्चिंत झोपा. एखादे जमले नाही, तर उद्याच्या बाजाराच्या यादीत ते काम पहिले लिहा.