महापुरात मेल कुठे थांबतो?
लेखमाला : कारखान्याचा मेल सर्व्हर, भाग ६

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापुरात पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांची पातळी ओलांडली. तिथली धोक्याची पातळी ४३ फूट. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन अनेक दिवस बंद राहिला, व्हीनस कॉर्नर आणि शाहूपुरीच्या सखल भागात तळमजले बुडाले, आणि जिथे पाणी पोचलं नाही तिथेही बऱ्याच ठिकाणी वीज नव्हती. जुलै २०२१ मध्ये पाणी त्याच्याही वर, ५६ फुटांपलीकडे गेलं. महामार्गावर अडकलेले ट्रक सगळ्यांना दिसले. पण अशा दिवसांत बाहेरच्या ग्राहकांनी इथल्या फौंड्रीच्या पत्त्यावर पाठवलेल्या परचेस ऑर्डरी आणि ड्रॉइंग कुठे असतात? ज्यांचा मेल सर्व्हर अजून ऑफिसातच, अकाउंट्सच्या टेबलाशेजारी ठेवलेला आहे, त्यांना हे माहीत असायलाच हवं.

मागच्या भागात एमएक्स रेकॉर्ड पाहिला. आपल्या डोमेनचा मेल कुठल्या यंत्रावर द्यायचा हे जगाला सांगणारी डीएनएसमधली ती नोंद. पाठवणाऱ्याचा सर्व्हर ती वाचतो आणि आपल्या यंत्राच्या २५ क्रमांकाच्या पोर्टवर जोडणी मागतो. आपलं यंत्र बंद असेल तर पलीकडून उत्तरच येत नाही. मेल तेव्हा हरवत नाही, लगेच परतही जात नाही. तो पाठवणाऱ्याच्याच सर्व्हरवर रांगेत बसतो. या रांगेला क्यू म्हणतात. तिकडच्या लॉगमध्ये त्या मेलपुढे ‘डिफर्ड’ असा शेरा पडतो आणि बहुधा ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ असं कारणही लिहिलेलं असतं. डिफर्ड याचा अर्थ एवढाच, की थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न होणार आहे.

हे किती दिवस चालतं? मेलची देवाणघेवाण ज्या नियमांनी चालते तो एसएमटीपी जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहून काढला. त्याची २००८ सालची सुधारित आवृत्ती सांगते, की साधारण चार-पाच दिवस तरी प्रयत्न सोडू नयेत. सगळे सर्व्हर हे पाळत नाहीत. पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर मूळ सेटिंगवर पाच दिवस वाट बघतो, मायक्रोसॉफ्टचा एक्स्चेंज सर्व्हर दोनच दिवस. ही मुदत पाठवणाऱ्याच्या हातात आहे, आपल्या हातात मुळीच नाही. महापूर दोन दिवसांत ओसरत नाही, त्यामुळे एका ग्राहकाची ऑर्डर आपली वाट बघत थांबलेली असते आणि दुसऱ्याची तोवर त्याच्याकडे परत गेलेली असते. मुदत संपून परत जाणं म्हणजे बाउन्स. त्याची सूचना पाठवणाऱ्याला मिळते, आपल्याला नाही. म्हणून वीज आल्यावर पहिलं काम, मोठ्या ग्राहकांना फोन करून मेल परत आलाय का ते विचारणं.

आता उत्तर देणाऱ्या सर्व्हरबद्दल. आपला सर्व्हर चालू असला की प्रत्येक मेलला तीन आकडी उत्तर देतो, आणि त्यातला पहिला आकडा सगळं ठरवतो. २ म्हणजे घेतला. ४ म्हणजे आत्ता जमत नाही, नंतर या. ५ म्हणजे नाही, पुन्हा येऊ नका. ४५२ आला तर बहुधा डिस्क भरलेली असते. ५५० आणि त्यापुढे ५.१.१ असेल तर त्या नावाचा मेलबॉक्सच इथे नाही. ५५२ म्हणजे मेल फार मोठा. हा शेवटचा आकडा ड्रॉइंग पाठवणाऱ्यांच्या नशिबी वारंवार येतो. मेलमधून जाताना फाइलचं रूपांतर साध्या अक्षरांत होतं आणि ती सुमारे एक तृतीयांशाने फुगते, त्यामुळे २० एमबीची फाइल २५ एमबीच्या मर्यादेत बसत नाही.

सगळ्यात मोठं नुकसान होतं ते ४ आणि ५ मधला हा फरक न ओळखल्याने, आणि तेही पूर ओसरल्यावर. पूर्ण बंद सर्व्हरपेक्षा अर्धवट चालू झालेला सर्व्हर जास्त धोक्याचा असतो. दाराला कुलूप दिसलं तर पोस्टमन उद्या पुन्हा येतो. पण दार उघडून कोणी ‘या नावाचं इथे कोणी राहत नाही’ म्हटलं की पत्र परत जातं. सर्व्हरचंही तसंच आहे. जनरेटरवर घाईघाईने नवं यंत्र चालू केलं, डोमेन बसवलं, पण सगळ्यांचे मेलबॉक्स अजून तयार केले नाहीत, तर परचेस विभागाच्या पत्त्यावर चार दिवस रांगेत थांबलेला मेल येतो, ५५० ऐकतो आणि तत्क्षणी बाउन्स होतो. बाहेरच्या सर्व्हरने इतके दिवस जपून ठेवलेला मेल आपणच घालवतो. म्हणून सगळे मेलबॉक्स जागेवर येईपर्यंत २५ नंबरचा पोर्ट बाहेरच्यांसाठी बंद ठेवावा. पोस्टफिक्समध्ये याच कामासाठी ‘सॉफ्ट बाउन्स’ नावाचं सेटिंग आहे. ते चालू असलं की सर्व्हर स्वतःच्या ५ ने सुरू होणाऱ्या नकारांऐवजी ४ चे देतो, म्हणजे चूक झाली तरी मेल रांगेतच राहतो. काम संपलं की ते आठवणीने काढावं, नाहीतर नको असलेला मेलही पुन्हा पुन्हा दार ठोठावत राहतो.

सर्व्हर नीट चालू झाल्यावरही मेल एकदम येत नाहीत, आणि तिथे माणसं घाबरून नको ते बदल करतात. रांगेतल्या मेलचे प्रयत्न सुरुवातीला लवकर लवकर आणि मग लांब अंतराने होतात. पोस्टफिक्समध्ये मूळ सेटिंगवर हे अंतर ३०० सेकंदांपासून ४००० सेकंदांपर्यंत जातं, म्हणजे तासाहून थोडं जास्त. इतर सर्व्हरची अंतरं वेगळी. तेव्हा दोन-तीन तास काही न बदलता लॉग बघत बसणं हेच शहाणपणाचं.

दुसरा एमएक्स ठेवावा का, असं विचारलं जातं. एमएक्सच्या नोंदीत आकडा असतो. लहान आकड्याचं यंत्र आधी, ते सापडलं नाही तर मोठ्या आकड्याचं. दुसरं यंत्र त्याच इमारतीत असेल तर त्याचा उपयोग शून्य. पुण्यात असेल तरी त्यावर स्पॅमची गाळणी पहिल्याइतकीच कडक हवी, कारण स्पॅम पाठवणारे मुद्दाम मोठ्या आकड्याच्या यंत्रावर जातात. माझं स्पष्ट मत असं, की पंचगंगेच्या पूररेषेत ऑफिस असेल तर मेल सर्व्हर तिथे ठेवूच नये. तो हलवेपर्यंत निदान जूनच्या आधी दोन गोष्टी बघाव्यात. डीएनएसच्या नोंदीला टीटीएल असतो, म्हणजे ती नोंद इतरांनी किती सेकंद जपून ठेवायची तो आकडा. तो ८६४०० असेल तर ऐन पुरात एमएक्स बदलूनही एक दिवसापर्यंत मेल जुन्या, बुडालेल्या यंत्राकडेच जाऊ शकतो. पावसाळ्यापुरता तो ३६०० वर आणावा. आणि डोमेनचा पासवर्ड कोणाकडे आहे ते आजच शोधावं. तो पूर्वीच्या व्हेंडरकडे किंवा नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या मेलवर असला तर टीटीएल कितीही असला तरी हाती काही लागत नाही.

बाउन्सची आणखी एक जात आहे : आपण न पाठवलेल्या मेलचा बाउन्स आपल्याकडे येणं. कोणीतरी आपला पत्ता लावून जगभर मेल पाठवतो आणि नकार आपल्या इनबॉक्समध्ये येऊन पडतात. याला बॅकस्कॅटर म्हणतात. ते दिसू लागलं की आपल्या नावाने आपल्या ग्राहकांनाही बदललेल्या बँक खात्याचं इन्व्हॉइस जाऊ शकतं, हे गृहीत धरून चालावं. त्यावरचे उपाय, एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क, पुढच्या आठवड्यात.