द्विप्रणाली संगणकातील जुन्या प्रणालीचे विसर्जन

विंडोज १० या परिचालन प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तिच्या जोडीने लिनक्स बसविलेले अनेक संगणक संशोधकांच्या वापरात आहेत. अशा संगणकावरील विंडोज काढून केवळ लिनक्स ठेवावयाचे असल्यास काय करावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

विंडोजने व्यापलेले सर्व विभाग पुसले की काम झाले, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती घातक होय. यूईएफआय पद्धतीच्या संगणकात प्रारंभाचे कार्यक्रम ‘ईएफआय सिस्टिम पार्टिशन’ या लहानशा विभागात असतात. हा विभाग बहुधा विंडोजने निर्माण केलेला असतो. तथापि लिनक्सचा ग्रब हा प्रारंभक त्याच विभागात वस्तीस आलेला असतो. सबब तो पुसला गेल्यास लिनक्स शाबूत राहूनही संगणक सुरू होत नाही. विभाग कोणी निर्माण केला यापेक्षा आज त्यावर कोण अवलंबून आहे, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

प्रथम विंडोजमधील कागदपत्रे बाह्य तबकडीवर उतरवून घ्यावीत आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावीत. विभागास बिटलॉकरचे कुलूप असल्यास हे काम विंडोज चालू असतानाच उरकणे श्रेयस्कर. प्रबंधाची एकमेव प्रत त्या कुलपाआड राहू देऊ नये. त्यानंतर प्रारंभक्रमात लिनक्स अग्रस्थानी आणून संगणक पूर्ण बंद करावा व पुन्हा सुरू करून खात्री करून घ्यावी. लिनक्सची प्रारंभ-यूएसबीही जवळ असावी.

एवढे झाल्यावर लिनक्समधून विंडोजचा मुख्य विभाग, १६ मेगाबाइटचा राखीव विभाग आणि पुनर्स्थापनेचा विभाग पुसावा. ईएफआय विभागास मात्र हात लावू नये; त्यातील केवळ मायक्रोसॉफ्ट नावाची पेटी काढता येते. एफस्टॅब या धारिकेत पुसलेल्या विभागांचा उल्लेख असल्यास तोही काढावा. अन्यथा प्रारंभसमयी लिनक्स त्या विभागाची वाट पाहत अडून बसण्याचा संभव असतो. शेवटी यूईएफआयच्या स्मृतीतील विंडोजची नोंद काढून ग्रबची यादी नव्याने तयार करावी.

राहिला मोकळ्या जागेचा प्रश्न. ती लिनक्सच्या विभागामागे असेल तर विभाग वाढविणे सोपे असते. पुढे असेल तर संपूर्ण विभाग सरकवावा लागतो. हे काम कित्येक तास चालू शकते आणि मध्येच वीज गेल्यास सारी सामग्री धोक्यात येते. अशा वेळी त्या जागेचा स्वतंत्र विभाग करून त्यात संशोधनसामग्री ठेवणे हाच अधिक शहाणपणाचा मार्ग होय.