"टेन्शन घेऊ नको" म्हटल्याने ते जात नाही

रावेर-यावल पट्ट्यात एका वादळात केळीची उभी बाग आडवी होते. धुळ्याकडे पावसाने दडी मारली की कापसाची दुबार पेरणी ठरलेली. शेजारीपाजारी धीर द्यायला येतात, "टेन्शन घेऊ नको, मन खंबीर ठेव" म्हणतात. हेतू चांगलाच असतो. पण ताण कच्च्या मनाच्या माणसालाच येतो, हा गैरसमज त्यात दडलेला आहे. धोका जाणवला की शरीरात अ‍ॅड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल वाढते, छाती धडधडते, झोप उडते. आखाड्यातला पैलवानही याला अपवाद नाही.

विचार दाबले की मन शांत होते, असेही नाही. १९८७ साली डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने काही जणांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, असे बजावले. अस्वल त्यांच्या मनात येतच राहिले. कर्जाचा आकडाही तसाच. तो वहीत उतरवावा: कोणाचे किती, तारीख कोणती, उद्या कोणाला भेटायचे. निदान उद्याचे एक काम तरी नक्की होते.

ध्यानाला शिबिर आणि फी लागतेच असे नाही. श्वास सोडताना जास्त वेळ घेतला की हृदयाची गती मंदावते. गाताना हे आपसूक घडते: श्वास झटकन आत, सूर लांबत बाहेर. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी घरची, शेतातली कामे करता करता गाणी रचत. ती काही औषध म्हणून रचलेली नव्हती. पण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर गाणाऱ्या सासुरवाशिणी मोकळ्या होतात, त्याला शरीराचाही आधार आहे.

बिडी-तंबाखूने डोके शांत होते, हा मात्र निव्वळ भास. निकोटिनची तलफ भागते, एवढेच. दारूने डोळा लागतो, पण उत्तररात्री झोप मोडते.

सर्वांत घातक समज शेवटी सांगतो: "ज्याला जीव द्यायचा तो देतोच." हे साफ खोटे आहे. श्रीलंकेने १९९०च्या दशकापासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि तिथल्या आत्महत्या मोठ्या प्रमाणात घटल्या. ती टोकाची घडी बऱ्याचदा थोड्या वेळाची असते आणि ती टळली की माणूस वाचू शकतो. म्हणून कापूस पिकवणाऱ्या घरात फवारणीचे औषध कुलपात हवे, किल्ली दुसऱ्याकडे. "जीव द्यावासा वाटतो का?" असे सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट समोरच्याला बोलायला वाट मिळते. उत्तर "हो" आले तर त्याला एकटे सोडू नका. १४४१६ हा टेलि-मानसचा मोफत क्रमांक २०२२पासून सुरू आहे, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येते. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. मानसोपचारासाठी तिथे जाणारा वेडा नसतो. त्याच्यासोबत घरातले कोणीतरी जावे.