गिरणगाव : ताडदेवच्या गिरणीपासून मॉलपर्यंत

कुठे : मुंबईतला कापडगिरण्यांचा भाग. लालबाग, परळ, चिंचपोकळी, भायखळा, वरळी, प्रभादेवी.

पहिली गिरणी : कावसजी नानाभाई दावर यांची, ताडदेवला. कंपनी १८५४ची, उत्पादन १८५६पासून.

बदली कामगार : कायम नोकरी नसलेला. पाळीच्या वेळी गेटवर हजर राहायचे. कोणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी त्या दिवसापुरते काम. नाहीतर खोलीवर परत.

संप : सुरुवात १८ जानेवारी १९८२. नेते डॉ. दत्ता सामंत, कामगार सुमारे अडीच लाख. संप मागे घेतल्याची रीतसर घोषणा झालीच नाही.

जमीन (संपानंतर बंद पडलेल्या गिरण्यांची) :
- १९९१ : विकास नियंत्रण नियमावलीतला नियम ५८. गिरणीच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे : मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, घरांसाठी म्हाडाला (राज्याचे गृहनिर्माण प्राधिकरण), उरलेला मालकाला.
- २००१ : दुरुस्ती. वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची. बांधकामाखालची जमीन वगळली. सार्वजनिक वाटा त्यामुळे बराच आटला.
- २००६ : सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती ग्राह्य धरली.

नवा वापर : फिनिक्स मिलच्या जागी मॉल. दादरच्या इंदू मिलची जागा डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकासाठी. म्हाडाच्या वाट्यातली काही घरे सोडतीने गिरणी कामगारांना किंवा त्यांच्या वारसांना.