ब्याण्णव म्हणजे निम्मी वाट

‘ओल्ड स्कूल रुनस्केप’ या ऑनलाइन गेममध्ये खेळाडूला लाकूडतोड, मासेमारी, स्वयंपाक, खाणकाम, जादू अशी वीसहून अधिक कौशल्यं शिकता येतात. प्रत्येक कौशल्यात 99 पर्यंत लेव्हल वाढवता येते आणि तिथवर पोचायला 1,30,34,431 अनुभवगुण लागतात. गेममध्ये त्यांना एक्स्पी म्हणतात. यातले निम्मे गुण जमतात, तेव्हा खेळाडू 92 व्या लेव्हलवर असतो. साधारण दर सात लेव्हलनंतर लागणाऱ्या गुणांचा आकडा दुप्पट होतो, त्यामुळे शेवटच्या सात पायऱ्या आधीच्या सगळ्या जिन्याएवढ्या लांब होतात.

नव्या खेळाडूनं हा हिशोब पहिल्याच दिवशी समजून घ्यावा. पुष्कळ नवखे 99 चा आकडा डोळ्यांपुढे ठेवून एकाच झाडापाशी कुऱ्हाड घेऊन तासन्‌तास उभे राहतात आणि कंटाळून गेम सोडून देतात. गेममधल्या गोष्टी, माणसं आणि मुलूख त्यांना दिसतच नाही. सुरुवातीचे आठवडे आकड्यांमागे न धावता या मुलखाची ओळख करून घेण्यासाठी दिले, तर आकडेही आपोआप वाढतात.

रुनस्केप 2001 च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये सुरू झाला. अँड्र्यू आणि पॉल गॉवर हे त्यामागचे भाऊ, आणि केंब्रिजची जॅगेक्स ही तेव्हा त्यांची कंपनी होती. तेव्हा ब्राउझर उघडला की तो खेळता यायचा आणि त्यासाठी पैसे पडत नव्हते, म्हणून शाळकरी मुलांमध्ये तो झपाट्यानं पसरला. 2012 मध्ये कंपनीनं लढाईची पद्धत मुळापासून बदलली आणि जुने खेळाडू नाराज झाले. तेव्हा ऑगस्ट 2007 मधली गेमची जतन करून ठेवलेली प्रत बाहेर काढून, खेळाडूंचं मतदान घेऊन, फेब्रुवारी 2013 मध्ये ‘ओल्ड स्कूल’ ही वेगळी आवृत्ती सुरू झाली. या आवृत्तीत नवं काही आणायचं तर आजही खेळाडूंचा कौल घेतला जातो आणि 70 टक्के मतं मिळावी लागतात. 2018 पासून हा गेम मोबाइलवरही आहे. कॉम्प्युटरवर आणि मोबाइलवर एकच अकाउंट चालतं.

खेळ सुरू होतो ट्युटोरियल आयलंड या बेटावर. कोळंबी पकडणं, ती शिजवणं, खाणीतून तांबं आणि कथिल काढून कांस्याचा खंजीर घडवणं, बँक वापरणं हे सगळं इथं हाताला धरून शिकवतात. हे बेट एकदा सोडलं की परत येता येत नाही, म्हणून इथल्या सूचना घाईनं पुढे ढकलू नयेत. बेटावरून खेळाडू थेट लम्ब्रिज गावात उतरतो. त्याच्या पिशवीत 28 खण असतात आणि ते बघता बघता भरतात. बँक लम्ब्रिजच्या किल्ल्यात, अगदी वरच्या मजल्यावर आहे. ती आधी शोधून ठेवावी.

त्याच किल्ल्याच्या मुदपाकखान्यात एक घाबराघुबरा आचारी भेटतो. ड्यूक होरॅशियोचा वाढदिवस आहे आणि केकचं सामान नाही! त्याला अंडं, दूध आणि पीठ आणून द्यायचं. त्यासाठी कोंबड्यांच्या वाड्यात जायचं, गाय दोहायची, शेतातून गहू तोडायचा, पवनचक्कीच्या माथ्यावर चढून तो वरून टाकायचा आणि खाली येऊन पीठ मडक्यात भरायचं. एवढ्या कामात नव्या खेळाडूचा गावाचा सगळा परिसर पायाखालून जातो. बक्षीस म्हणून स्वयंपाकाचे 300 गुण मिळतात आणि हे कौशल्य एका झटक्यात पहिल्या लेव्हलवरून चौथीवर जातं.

अशा कामगिरीला गेममध्ये क्वेस्ट म्हणतात आणि नवख्याचा सगळ्यात मोठा आधार तोच आहे. पैसे भरून सभासद झालेल्यांसाठी ‘वॉटरफॉल क्वेस्ट’ नावाची एक कामगिरी आहे. ती पूर्ण केल्यावर हल्ला आणि ताकद या दोन कौशल्यांत प्रत्येकी 13,750 गुण मिळतात, म्हणजे कोरा खेळाडू थेट तिसाव्या लेव्हलवर पोचतो. त्यासाठी कोणत्याही राक्षसाला मारावं लागत नाही, त्यांना चुकवून पळत जावं लागतं. सोबत पुरेसं अन्न मात्र हवं, कारण वाटेत मार बसतोच. हेच गुण कोंबड्या आणि गोब्लिन मारून मिळवायचे तर कितीतरी तास जातील.

लम्ब्रिजबाहेर पडल्यावर बेतानं चालावं. व्हॅरॉक या मोठ्या शहराच्या दक्षिणेला दगडांचं एक वर्तुळ आहे. तिथले काळे जादूगार दुबळा प्रवासी दिसला की आपणहून हल्ला करतात आणि लम्ब्रिजहून निघालेले कितीतरी नवखे तिथंच पडतात. वाट थोडी वाकडी करून गेलं की हा धोका टळतो. समजा खेळाडू मेलाच, तर साधारणपणे त्याच्या सगळ्यात मौल्यवान तीन वस्तू त्याच्यापाशी राहतात आणि बाकीच्या, पडला त्या जागी थडग्यात जमा होतात. त्या आणायला पंधरा मिनिटं मिळतात. गेममधून बाहेर पडलं तर हे घड्याळ थांबतं, त्यामुळे गोंधळून जायचं कारण नाही.

व्हॅरॉकच्या उत्तरेला चर ओलांडला की सुरू होणाऱ्या वाइल्डरनेसचा कायदा मात्र वेगळा आहे. तिथं दुसरा खेळाडू मारू शकतो आणि पडलेला माल त्याचा होतो. गेला तरी चालेल एवढाच ऐवज घेऊन तिथं पाऊल टाकावं. ‘चल, तुला एक छान जागा दाखवतो’ म्हणत नवख्याला चरापलीकडे नेणारे बरेच असतात.

फसवणुकीचे प्रकार गेममध्ये जुने आहेत आणि त्यातला एक मराठी वाचकाला लगेच ओळखू येईल: पैसे दुप्पट करून देतो. भामटा आधी छोटी रक्कम खरोखर दुप्पट करून परत देतो आणि मोठी रक्कम हातात पडली की गायब होतो. दुसरा म्हणतो, ‘तुझ्या चिलखताला सोन्याची किनार लावून देतो’. कोणत्याही खेळाडूला हे करता येत नाही, म्हणून चिलखत त्याच्या हाती दिलं की ते गेलंच. देवाणघेवाण पक्की होण्याआधी खात्री करून घेणारा दुसरा पडदा येतो, तो प्रत्येक वेळी नीट वाचावा. त्याहून सुरक्षित बाजार म्हणजे व्हॅरॉकचं ग्रँड एक्स्चेंज. तिथं आपला भाव लावून वस्तू ठेवायची आणि समोरचा कोण आहे याची फिकीर करायची नाही. नव्या फुकट अकाउंटवर सुरुवातीला खरेदी-विक्रीचे काही निर्बंध असतात. थोडा काळ खेळून, काही क्वेस्ट आणि लेव्हल पूर्ण केल्या की ते उठतात.

खरे पैसे घेऊन गेममधलं सोनं विकणाऱ्यांच्या नादी लागू नये. व्हेनेझुएलाची अर्थव्यवस्था कोसळली तेव्हा तिथले कितीतरी लोक वाइल्डरनेसमधले हिरवे ड्रॅगन मारून, जमवलेलं सोनं परदेशी खेळाडूंना विकून घर चालवत होते. त्यांची वेळ कठीण होती हे खरं; पण हा व्यवहार गेमच्या नियमांत बसत नाही आणि विकणाऱ्याबरोबर घेणाऱ्याचंही अकाउंट बंद होऊ शकतं. पैसे खर्चायचेच असतील तर कंपनीचा अधिकृत ‘बाँड’ आहे. तो पैशांनी विकत घेऊन गेममधल्या सोन्यासाठी विकता येतो किंवा त्यातून काही दिवसांचं सभासदत्व मिळतं.

अकाउंटचं कुलूप पहिल्या आठवड्यातच पक्कं करावं. गेमसाठी वेगळा पासवर्ड, दुहेरी पडताळणी आणि बँकेला चार आकडी पिन एवढं पुरतं. पासवर्ड विचारणारा कोणीही, स्वतःला कंपनीचा माणूस म्हणवत असला तरी, चोरच समजावा. गेम हा धडाही खेळातूनच देतो. व्हॅरॉकच्या पश्चिमेला बार्बेरियन व्हिलेजखाली चार मजल्यांचं भुयार आहे. तिथलं प्रत्येक दार अकाउंटच्या सुरक्षिततेबद्दल प्रश्न विचारतं आणि बरोबर उत्तर दिलं तरच पुढे सोडतं. तळापर्यंत जाणाऱ्याला एकूण 10,000 नाणी आणि बुटांची जोडी मिळते. नवख्यासाठी ही चांगली मोठी कमाई आहे. फक्त पिशवीत अन्न भरून जावं, कारण खालच्या मजल्यांवरचे प्राणी जोरदार आहेत.

सभासदत्वाची घाई करू नये. फुकट खेळणाऱ्यांसाठी ‘ड्रॅगन स्लेयर’ ही क्वेस्ट उत्तम पहिलं ध्येय आहे. ती सुरू करण्याआधी 32 क्वेस्टगुण लागतात, म्हणजे छोट्या कामगिऱ्या करत सगळा फुकट मुलूख आपोआप पालथा घातला जातो. मग नकाशाचे तीन तुकडे शोधायचे, पोर्ट सॅरिमच्या बंदरात मोडकं जहाज विकत घेऊन दुरुस्त करायचं आणि क्रँडॉर बेटावर एल्व्हर्ग नावाच्या ड्रॅगनला गाठायचं. तिच्या ज्वाळांपुढे साधी ढाल टिकत नाही. त्यासाठीची खास ढाल लम्ब्रिजचे ड्यूक होरॅशियो मागितल्यावर देतात. एल्व्हर्गला हरवलं की रून धातूचं छातीचं चिलखत घालायचा हक्क मिळतो, पण ते पेलायला बचावाची लेव्हल 40 हवी. क्वेस्टच्या बक्षिसात बचाव आणि ताकदीचे प्रत्येकी 18,650 गुण आहेत, त्यामुळे तिथवर पोचायला मोठी मदत होते. इथपर्यंत आलेल्या खेळाडूला हा गेम आपल्याला आवडतो का, आणि सभासदत्वाचे पैसे भरायचे का, हे स्वतःच्या अनुभवावरून ठरवता येतं.