भूसंपादन-मोबदला : करनियोजन व गुंतवणूक

सार्वजनिक प्रयोजनासाठी शासनाने सक्तीने संपादन केलेल्या जमिनीबद्दल खातेदारास मिळणारी रक्कम वा विकसित भूखंड म्हणजे भूसंपादन-मोबदला होय. शेतजमीन हे कुटुंबास दरवर्षी उत्पन्न देणारे भांडवल असते. मोबदला हे त्याच भांडवलाचे बदललेले रूप असल्याने त्याच्या नियोजनात भांडवल टिकविणे हे प्रमुख व करबचत हे दुय्यम उद्दिष्ट ठरते.

पनवेल परिसर हे याचे ठळक उदाहरण आहे. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोमार्फत नवी मुंबई वसविण्यासाठी ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. अल्प मोबदल्याविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये पोलिसांच्या गोळीबाराने पाच जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर संपादित क्षेत्राच्या १२.५ टक्के विकसित भूखंड देण्याचे धोरण आले. विमानतळ-प्रकल्पग्रस्तांसाठी २०१४ मध्ये हे प्रमाण २२.५ टक्के करण्यात आले.

करआकारणी : आयकर अधिनियम, १९६१ नुसार ग्रामीण शेतजमीन ही भांडवली मत्ता मानली जात नसे. नागरी हद्दीतील शेतजमिनीचे सक्तीचे संपादन झाल्यास, आधीची दोन वर्षे ती कसली गेली असल्यास, १ एप्रिल २००४ पासून मिळालेल्या मोबदल्यावरील भांडवली लाभास सूट होती. २०१३ च्या भूसंपादन अधिनियमाच्या कलम ९६ अन्वये त्याखालील निवाड्याची रक्कम आयकरमुक्त आहे. वाढीव मोबदल्यावरील व्याजाची गोष्ट मात्र वेगळी आहे. २००९ च्या वित्त अधिनियमाने ते मिळाल्या वर्षाचे उत्पन्न ठरविले व त्यातून ५० टक्के वजावट दिली; म्हणजे १० लाख रु. व्याजापैकी ५ लाख रु. करपात्र. पुढे भूखंड विकल्यास होणारा लाभही स्वतंत्रपणे करपात्र ठरू शकतो. म्हणून मूळ मोबदला, व्याज व विक्रीची रक्कम यांचे हिशेब निरनिराळे ठेवणे आवश्यक असते. १९६१ च्या अधिनियमाऐवजी १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू करण्यात आल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत.

गुंतवणूक : प्रथम वारसांचे हिस्से निश्चित करावे लागतात, २००५ च्या दुरुस्तीनुसार हिंदू एकत्र कुटुंबात मुलीही सहदायाद असतात. त्यानंतर कर्जफेड, निवारा व वर्षभराचा खर्च यांसाठी तरतूद करून उर्वरित रक्कम गुंतविणे इष्ट होय. केवळ कर वाचतो म्हणून दीर्घ मुदतीच्या रोख्यांत सर्व पैसा अडकविल्यास अडीअडचणीला तो उपलब्ध होत नाही. याउलट, सर्व व्याज खर्च केल्यास महागाईमुळे मुद्दल झिजते. दरवर्षी ६ टक्के भाववाढ झाल्यास सु. १२ वर्षांत त्याची क्रयशक्ती निम्मी होते. यासाठी व्याजाचा काही भाग पुन्हा गुंतवावा लागतो.

एकाच संस्थेत सर्व ठेवी ठेवण्यातही धोका असतो. फेब्रुवारी २०२० पासून ठेवविम्याचे संरक्षण प्रत्येक बँकेत ठेवीदारामागे व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंत आहे. पनवेल येथील कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द केला. अशा वेळी विमा-मर्यादेपलीकडील रकमेसाठी ठेवीदारास बँकेच्या मालमत्तेच्या वसुलीवर अवलंबून राहावे लागते. जमीन एकदाच जाते. तिच्या बदल्यात आलेले भांडवल खर्ची पडल्यास पुढील पिढीस उपजीविकेचे साधन उरत नाही.